आधी रेडिओ खरखरायचा, मग फोन वाजायचा

आमच्या घरी पहिला मोबाइल आला तेव्हा त्याची जागा ठरलेली होती: फडताळात, रेडिओच्या शेजारी. घरात रेंज यायची ती तेवढ्याच कोपऱ्यात. आजी सकाळी तिथेच बातम्या ऐकत बसायची. मधेच रेडिओ ‘टर्र-टर्र-टर्र, टर्र-टर्र-टर्र’ असा खरखरायला लागायचा आणि आजी बसल्या जागेवरून हाक मारायची, “अरे, बघ रे, कुणाचा तरी फोन येतोय.” खरोखरच दोन-तीन सेकंदांत फोन वाजायचा. आजीला फोनची चाहूल फोनच्याही आधी लागायची, याचं आम्हा मुलांना फार अप्रूप वाटायचं.

ती खरखर कशाची होती हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळलं तेव्हा हेही लक्षात आलं की मोबाइलची गोष्ट आपण एकमेकांना नेहमी अर्धीच सांगत आलोय. मोबाइलचा इतिहास म्हटला की आपण फोन एका ओळीत मांडतो. आधी विटेएवढा, मग अँटेनावाला, मग बटणांचा, मग नुसत्या काचेचा. यात खोटं काही नाही, पण ही सगळी हातातल्या डबीची गोष्ट झाली. बिनतारी बोलणं माणसाला फार आधीच जमलं होतं. जमत नव्हतं ते एका शहरातल्या लाखो लोकांना एकाच वेळी बिनतारी बोलू देणं. कारण हवेतली जागा मोजकी आहे.

हवेत कसली आलीय जागा, असं वाटेल. रेडिओचं उदाहरण घ्या. प्रत्येक केंद्राला आपली एक फ्रिक्वेन्सी असते. एकाच गावात दोन केंद्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर लागली तर दोन्हींचा गोंधळ होतो, कुणालाच काही ऐकू येत नाही. केंद्राचं एक बरं असतं, एक बोलतो आणि लाखो ऐकतात, त्यामुळे एक फ्रिक्वेन्सी सगळ्यांना पुरते. फोनवर मात्र प्रत्येक जोडीचं बोलणं वेगळं. म्हणजे प्रत्येक संभाषणाला हवेतला स्वतंत्र तुकडा लागणार, आणि जाणारा आवाज व येणारा आवाज यांचे तुकडेही वेगळे. शिवाय उपयोगाच्या फ्रिक्वेन्सी आधीच लष्कर, विमानं, पोलीस, रेडिओ, टीव्ही यांच्यात वाटून गेलेल्या.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १७ जून १९४६ रोजी बेल कंपनीने गाडीतल्या फोनची सेवा सुरू केली, तेव्हा ही अडचण लगेच उघडी पडली. गाडीच्या डिकीत छत्तीसेक किलोचं यंत्र, पुढे बोलायचा रिसीव्हर, आणि नंबर जोडून द्यायला ऑपरेटर. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. शहरात मधोमध एक उंच, ताकदवान अँटेना, तिचा आवाज चहूकडे पोचायचा. पण सगळ्या शहरात मिळून एका वेळी तीनच संभाषणं चालू शकायची. चौथ्याने थांबायचं. पुढच्या तीस वर्षांत यंत्रं सुधारली, ऑपरेटर गेला, तरी मूळ दुखणं तसंच राहिलं. १९७६ सालीसुद्धा न्यूयॉर्कसारख्या अवाढव्य शहरात गाडीफोनचे ग्राहक जेमतेम साडेपाचशे होते आणि नंबर लावून बसलेले साडेतीन हजारांवर.

इथे मला गणपतीचे दिवस आठवतात. गावात एकच भलामोठा कर्णा देवळाच्या शिखरावर लावला, तर एका वेळी एकच आरती होणार आणि ती सगळ्या गावाला ऐकावी लागणार. आता कर्णा काढून टाका. प्रत्येक आळीत आपलं छोटं मंडळ, आवाज त्या आळीपुरता. मग पहिल्या आळीत जी आरती चालू आहे तीच चार आळ्या सोडून पाचव्या आळीत त्याच वेळी चालू असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. शेजारशेजारच्या आळ्यांनी मात्र एकच आरती मागेपुढे सुरू करायची नाही, एवढं पथ्य पाळायचं.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल कंपनीच्याच बेल लॅब्स या प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी, डब्ल्यू. रे यंग या सहकाऱ्याच्या मदतीने, एका अंतर्गत टिपणात हाच विचार मांडला. शहरावर एक मोठा कर्णा नको, शहराचे छोटे छोटे भाग पाडा. प्रत्येक भागात कमी ताकदीचा एक मनोरा. शेजारच्या भागांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी द्या आणि थोडं लांब गेल्यावर त्याच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरा. कागदावर हे भाग त्यांनी षटकोनी काढले, मधमाशीच्या पोळ्यासारखे. मनोऱ्याची लहर खरं तर गोल पसरते, पण गोल एकमेकांशेजारी ठेवले की मधे फटी राहतात. फटी न ठेवता जमीन भरून काढणाऱ्या आकारांत षटकोन गोलाच्या सगळ्यात जवळचा, म्हणून कमीत कमी मनोऱ्यांत काम भागतं. पोळ्यातल्या घराला इंग्रजीत सेल म्हणतात. ‘सेलफोन’ हा शब्द इथला आहे, बॅटरीच्या सेलशी त्याचा संबंध नाही.

या कल्पनेतली खरी गंमत पुढे आहे. लोक वाढले तर काय करायचं? घरं आणखी लहान करायची. दोन किलोमीटरचं घर कापून चार छोटी घरं केली की तीच फ्रिक्वेन्सी आणखी जास्त वेळा वापरता येते. हवेत जागा तेवढीच, पण माणसं कितीतरी पट मावतात. मोबाइलच्या इतिहासात मला हा शोध सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो पाहिला तर निव्वळ हळू बोलण्याचा शोध आहे. म्हणूनच खेड्यात एक टॉवर कित्येक किलोमीटर सांभाळतो, आणि दादर-परळच्या गर्दीत दर काहीशे मीटरवर कुठल्या ना कुठल्या गच्चीवर अँटेना दिसते.

हळू बोलायची ही शिस्त फोनलाही लागू आहे. टॉवर जवळ असला तर तो फोनला आवाज कमी करायला सांगतो, लांब असला तर वाढवायला. टूजी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या, फोनचा जोर दोन वॅटपासून काही मिलिवॅटपर्यंत असा खाली-वर होत असतो. घाटात, एकाच दांडीच्या रेंजमध्ये बॅटरी भराभर का उतरते, त्याचं हे कारण: फोन तिथे अक्षरशः ओरडत असतो. आणि आपल्याला कुजबुज वाटणारा फोनसुद्धा काही कानांना फार मोठा असतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. दूरच्या आकाशगंगांकडून येणारी अतिशय क्षीण रेडिओकिरणं ती टिपते. तिथे पाहायला गेलात तर मोबाइल बंद करायला सांगतात, ते कॅमेऱ्याच्या भीतीने नव्हे.

पण शहराचे तुकडे केले की एक नवीनच प्रश्न उभा राहतो. बोलता बोलता गाडी एका घरातून दुसऱ्या घरात गेली तर? आधीच्या मनोऱ्याची फ्रिक्वेन्सी सोडायची, पुढच्याची धरायची, तीही बोलणाऱ्याला कळू न देता. वारीत पालखी चालू असताना खांदेकरी कसे बदलतात ते ज्याने पाहिलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. पुढचा माणूस आधी खांदा लावतो, मग मागचा सरकतो, पालखी क्षणभरही जमिनीला टेकत नाही. मोबाइलच्या जाळ्यात हेच चालतं. टॉवर फोनचा जोर सतत मोजत असतात, फोनही आजूबाजूच्या टॉवरांचा अंदाज घेऊन कळवत असतो, आणि मागे बसलेला संगणक ठरवतो की आता खांदा बदलायचा. मुंबई-पुणे गाडी खंडाळ्याच्या बोगद्यांत शिरली की ‘हॅलो, हॅलो’ सुरू व्हायचं, तिथे खांदा द्यायला पुढे कुणी नसायचं.

हे सगळं सेकंदाच्या अंशात ठरवायला लहान, वेगवान संगणक हवा, आणि १९४७ मध्ये तो नव्हता. रिंग यांचं टिपण लिहिलं गेलं त्याच महिन्यात, त्याच बेल लॅब्समध्ये पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह वाढवणारा किंवा चालू-बंद करणारा भाग, चालला. कल्पना आणि ती खरी करणारं साधन एकाच संस्थेत, काही दिवसांच्या अंतराने जन्मलं, पण दोघांची गाठ पडायला तीस वर्षं जावी लागली. ट्रान्झिस्टर लहान व्हावे लागले, त्यांचे संगणक बनावे लागले, आणि सरकारी मंडळाने फ्रिक्वेन्सी मोकळ्या कराव्या लागल्या. मधल्या काळात बेलचेच रिचर्ड फ्रेंकिल, जोएल एंगल, फिलिप पोर्टर यांनी हा आराखडा तपशिलाने घडवला, आणि एमोस जोएल यांना १९७२ मध्ये खांदेपालटाच्या पद्धतीचं पेटंट मिळालं.

बेलचं लक्ष मात्र गाडीवर होतं. शिकागोतल्या मोटोरोला कंपनीतल्या मार्टिन कूपर यांचं म्हणणं वेगळं होतं: फोन गाडीचा कशाला, माणसाचा हवा. आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन कळेल, कारण आपण पी. पी. नंबरच्या दिवसांतून आलोय. लग्नपत्रिकेवर, लेटरहेडवर नंबरापुढे ‘पी. पी.’ लिहिलेलं असायचं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप देतील. तेव्हा आपण माणसाला नव्हे, जागेला फोन करायचो. दुकानाला, वाड्याला, ऑफिसला. माणूस तिथे असला तर त्याचं नशीब. ३ एप्रिल १९७३ रोजी कूपर न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अव्हेन्यूवर उभे राहिले आणि किलोभराहून जड असलेल्या हातफोनवरून त्यांनी पहिला फोन लावला तो बेल लॅब्सच्या जोएल एंगल यांना, प्रतिस्पर्ध्याला. त्या फोनची बॅटरी अर्धा तास बोलेपर्यंत संपायची आणि भरायला दहा तास लागायचे. दुकानात तो यायला आणखी दहा वर्षं गेली. १९८३ मध्ये परवानगी मिळालेल्या डायनाटॅक या फोनची किंमत होती ३,९९५ डॉलर.

तोपर्यंत जपानने बाजी मारली होती. डिसेंबर १९७९ मध्ये टोकियोत, शहर अशा छोट्या घरांत वाटून चालणारी पहिली व्यापारी सेवा सुरू झाली, गाड्यांसाठी. मग १९८१ पासून स्वीडन, नॉर्वे आणि शेजारी. या सगळ्याला पुढे वनजी म्हणायला लागले. आवाज जसाच्या तसा लहरीवर चढवून पाठवायचा, त्यामुळे योग्य रिसीव्हर असला तर कुणीही दुसऱ्याचं बोलणं ऐकू शकायचं.

आता आजीच्या रेडिओकडे वळतो.

युरोपात प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी होती, सीमा ओलांडली की फोन बिनकामाचा. म्हणून १९८२ पासून सगळ्यांनी मिळून एकच पद्धत ठरवायला घेतली. तिचं नाव जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी या पद्धतीवरचा पहिला फोन टाम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांना केला. हीच टूजी. इथे आवाजाचे आकडे केले गेले. आवाजाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा सेकंदाचा पन्नासावा भाग, तो आकड्यांत बदलायचा, दाबून लहान करायचा आणि पाठवायचा. दाबल्यामुळे तुकडा पाठवायला लागणारा वेळ हा तो बोलायला लागलेल्या वेळेपेक्षा खूप कमी. मग उरलेल्या वेळात तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्याला का देऊ नये?

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे नवीन नाही. पाट एक, शेतकरी आठ. पाट आठांत उभा चिरत नाहीत, पाळी लावतात. तुझी बारी आली की सगळं पाणी तुझ्या वाफ्याला, मग दारं मोडून पुढच्याला. जीएसएममध्ये एका फ्रिक्वेन्सीवर आठ जणांची पाळी असते. प्रत्येकाची बारी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, साधारण ०.५८ मिलिसेकंद. आठ जणांचं एक चक्कर पुरं व्हायला ४.६ मिलिसेकंद. म्हणजे आपल्या फोनची पाळी सेकंदाला २१७ वेळा येते. तेवढ्या वेळा तो जोरात बोलतो आणि तेवढ्याच वेळा गप्प बसतो.

सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होणारी ही जोरदार लहर शेजारच्या रेडिओच्या तारांत शिरते. रेडिओला ती फ्रिक्वेन्सी लावलेली नसली तरी त्याच्या आवाज वाढवणाऱ्या भागाला तिचे धक्के बसतात, आणि सेकंदाला २१७ धक्के म्हणजे माणसाच्या कानाला नीट ऐकू येणारा घोगरा सूर. आजी ऐकत होती ते हेच: फोनची पाळी.

पण फोन वाजायच्या आधी? त्यासाठी जाळं माणसाला कसं शोधतं ते पाहावं लागेल. कोल्हापूरचा माणूस नागपूरला गेला तरी त्याच नंबरवर सापडतो, हे आपण आता गृहीत धरतो. होतं असं, की नवीन भागात शिरला की फोन गुपचूप कळवतो, मी इथे आलोय. त्याच्या घरच्या जाळ्याच्या नोंदवहीत ते लिहिलं जातं. कुणी फोन लावला की ती वही उघडतात: गडी नागपूरच्या अमुक भागात आहे. नेमका कुठल्या टॉवरखाली, ते वहीत नसतं. मग त्या भागातले सगळे टॉवर दवंडी पिटतात, “अमका नंबर कुणी आहे का?” फोन एरवी झोपलेला असतो, दर एक-दोन सेकंदांनी फक्त दवंडी ऐकायला एक कान उघडतो, म्हणून तर त्याची बॅटरी दिवसच्या दिवस टिकायची. आपलं नाव ऐकलं की तो खडबडून ओरडतो, “मी इथे!” टॉवर त्याला पाळी नेमून देतो, ओळख तपासतो, सगळं जुळलं की मग घंटी वाजते. त्या दोन-तीन सेकंदांच्या सवालजवाबाने रेडिओ खरखरायचा. फोनने टॉवरला दिलेली ओ आजीला ऐकू यायची.

पाळी म्हटली की वेळ सांभाळणं आलं. लांबच्या फोनचं बोलणं टॉवरपर्यंत पोचायला किंचित जास्त वेळ लागतो, म्हणून टॉवर त्याला सांगतो, तू थोडा आधी सुरू कर. पण हे ‘आधी’ किती असावं याला पद्धतीतच मर्यादा घातलेली आहे, आणि तिचा हिशोब सुमारे ३५ किलोमीटरवर संपतो. त्यापलीकडे साधं जीएसएम चालत नाही, मधे डोंगर नसला आणि रेंज दिसत असली तरी. बोलणं उशिरा पोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसेल.

भारतात मोबाइल आला तो याच टूजीच्या रूपात. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत दळणवळण मंत्री सुखराम यांना देशातला पहिला फोन केला. मुंबईत मॅक्सटच आणि बीपीएल मोबाइल ही नावं झळकायला लागली. पण फोन करायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत मोजावे लागत, आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. आलेल्या फोनलाही पैसे म्हटल्यावर लोक पडद्यावर नंबर बघायचे, फोन कापायचे आणि जवळच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून उलट फोन लावायचे.

माझ्या मते भारतातली खरी मोबाइल क्रांती दोन कागदांनी केली. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांची ठोक लायसन्स फी काढून कमाईतला वाटा घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे ग्राहक वाढवणं परवडायला लागलं. आणि मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच पैसे भरायचे, घेणाऱ्याने नाही, असं ठरलं. त्या दिवसापासून आलेला फोन घेणं फुकट झालं. प्लंबर, रिक्षावाले, फुलवाल्या मावशी यांच्या हातात फोन आला तो त्यानंतर. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला: धूळ आत जाऊ न देणारी बटणं, घामाने न सटकणारी पाठ, आणि डोक्यावर बॅटरी, म्हणजे टॉर्च. पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला हा फोन, जगात एवढे फार थोडे. भारनियमनाच्या त्या काळात आमच्याकडे त्याचा जास्त उपयोग बोलण्यापेक्षा उजेडाला व्हायचा आणि यात कमीपणा काही नव्हता. उलट फोन बनवणाऱ्यांनी वापरणाऱ्याचं घर नीट पाहिलं होतं.

आणि मिस्ड कॉल! एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, तीन म्हणजे आता तू फोन कर. पै न भरता हे कसं चालायचं? बिल सुरू होतं पलीकडच्याने फोन उचलल्यावर. त्याआधीची वही उघडणं, दवंडी पिटणं, ओ देणं, घंटी वाजवणं, हे सगळं जाळ्याचं आपसातलं बोलणं. लोकांनी पालखीचे पैसे न देता दवंडीतूनच निरोप धाडायला सुरुवात केली. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांच्या मनात हे नव्हतं, पण ज्यांच्या खिशात दहाचं रिचार्ज होतं त्यांनी ती पद्धत त्यांच्याइतकीच नेमकी ओळखली होती.

एसएमएसचंही तसंच. जाळ्याच्या आपसातल्या बोलण्याच्या वाटेत मोकळी जागा असायची, तीत छोटा मजकूर घालून पाठवता येतो हे लक्षात आलं. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. त्या वाटेत एका खेपेला १४० बाइट मावतात, म्हणजे १,१२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, भागून बघा, १६० अक्षरं. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणजे ७० चिन्हं. तीही अक्षरं नव्हेत, चिन्हं: काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं, सगळं वेगळं मोजायचं. ‘महाराष्ट्र’ लिहिलं की दहा चिन्हं खर्ची पडली. मराठीतून लिहायचं तर एका निरोपाला दोन-तीन एसएमएसचे पैसे. एक पिढी ‘kasa ahes’ या वाक्यासारखं मराठी रोमन अक्षरांत लिहायला लागली ती काही मराठी नकोशी झाली म्हणून नव्हे. बटणांवर देवनागरी नव्हती, पडद्यावर तिच्या जागी चौकोन दिसायचे, आणि बिल दुप्पट यायचं. या सवयीवरून पोरांना बोल लावणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा.

थ्रीजी-फोरजीची गोष्ट लवकर सांगता येते, कारण मुख्य बदल एकच आहे. जुन्या फोनचं बोलणं लग्नाच्या वऱ्हाडाने ठरवलेल्या एसटीसारखं होतं. गाडी सबंध तुमची, आत माणसं असोत की रिकामी बाकं, तुम्ही गप्प असलात तरी पाळी तुमचीच. इंटरनेटचा डेटा वडापच्या जीपसारखा जातो. सामानाच्या छोट्या पुड्या बांधायच्या, प्रत्येकीवर पत्ता, जिथे जागा मिळेल तिथे चढवायची, पोचल्यावर पुन्हा जुळवायच्या. रस्ता कुणाच्या नावावर राखून ठेवलेला नसल्याने त्याच हवेत कितीतरी जास्त सामान जातं. थ्रीजी जपानमध्ये १ ऑक्टोबर २००१ ला सुरू झाली, फोरजी डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत. आपल्याकडे २०१२ मध्ये फोरजी आधी कोलकात्याला आली, मग बेंगळुरू आणि पुण्याला. मधे २००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला. त्यांच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. एवढंच म्हणतो की काचेवर बोट फिरवायची सोय झाल्यावर हातात धरायला काहीतरी मोठं सामान हवं होतं, आणि ते वाहायला वडाप आधीच रस्त्यावर आली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाली तिच्या जाळ्यात तर वऱ्हाडाची एसटी नव्हतीच. तिथे बोलणंसुद्धा पुड्यांतूनच जातं.

फाइव्हजी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला आली. तिच्यात १९४७ चाच धडा आणखी पुढे नेलाय. जितकी फ्रिक्वेन्सी जास्त, तितका सामानाला रस्ता रुंद, पण लहर लवकर दमते. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर भिंती ओलांडून लांब जाते. ३,३०० मेगाहर्ट्‌झची तेवढी नाही. २६ गिगाहर्ट्‌झची तर झाडाच्या पानांनीही अडते. म्हणून घरं आणखी लहान, आणि वर एक नवी युक्ती: टॉवरवर एकाऐवजी डझनावारी छोट्या अँटेना बसवून त्यांच्या लहरी अशा जुळवायच्या की कंदिलासारखा चहूकडे पसरणारा उजेड टॉर्चच्या झोतासारखा नेमका तुमच्याकडे वळेल. एकाच टॉवरखाली दोन दिशांना दोन झोत, एकच फ्रिक्वेन्सी, कुणाला कुणाचा त्रास नाही. इतक्या आखूड लहरींवर जगात ज्यांनी सगळ्यात आधी काम केलं त्यांत जगदीशचंद्र बोस होते, १८९० च्या दशकात, कोलकात्यात. ज्योती बसूंनी पहिला फोन लावला त्याच शहरात, साधारण शंभर वर्षं आधी.

नव्या फोनशेजारी रेडिओ ठेवला तर तो सहसा गप्प राहतो. थ्रीजीपासून फोनचं बोलणं पाटाच्या पाळीसारखं ठरल्या ठेक्यात चालू-बंद होत नाही, त्यामुळे तो घोगरा सूर उमटत नाही. पण देशात टूजी अजून चालू आहे. गावाकडे काका-मावशींच्या खिशात बटणांचा फोन असतो, त्याची बॅटरी तीन-चार दिवस टिकते, आणि त्याला आतून तीच सेकंदाला २१७ ची पाळी असते. दिवाळीला गेलात की तो फोन जुन्या रेडिओला चिकटवून ठेवा, आवाज थोडा वाढवा आणि दुसऱ्या खोलीतून त्यावर मिस्ड कॉल द्या.